मयत इसमाचा अर्ज

जेवण झालं की मी आडवा होतो. सत्त्याऐंशीव्या वर्षी दुपारची झोप ही चैन राहत नाही, शरीराचा हुकूम असतो. आज मात्र छातीवर फाइल आहे, एकशे बेचाळीस सुटी पानं, सुनेने काल बाजारातून छापून आणलेली. डोळे मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात. हातात अठ्ठ्याऐंशी नंबरचं पान आहे आणि त्याच्या पुढे जायची माझी हिंमत होत नाही.

फाइल माझ्या बापाची आहे. लाडोबा कृष्णा कुबल, राहणार वेळकोंड, जहाजावरचा आगवाला, म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा मारणारा. १९३८ साली तो जहाजावर गेला तेव्हा मी आईच्या पोटात पाच महिन्यांचा होतो. आमची ओळख नाही. फाइलच्या पहिल्याच पानावर लिहिलंय, १९६९ साली बाल्टिमोर शहरात वारला, प्रकरण बंद.

वाडवडिलांचा शोध घ्यायची हल्ली फॅशनच आहे. माझी नात ऋजुता अमेरिकेत ओहायोला असते. परदेशातून आलेल्या माणसाने तिकडे नागरिकत्व मागितलं की त्याच्या नावाची फाइल उघडते आणि माणूस गेला तरी ती जपून ठेवतात, हे मला तिनेच सांगितलं. त्यात अर्ज असतो, फोटो असतो, बोटांचे ठसे, बायकोचं नाव, पोरांची नावं. "आजोबा, किती एक्सायटिंग ना!" म्हणाली. मी म्हटलं, हो बाई. अर्ज तिने भरला, केस नंबर मी दिला. अकरा महिने लागले. केस नंबर मला कुठून माहीत, हे विचारायचं काही तिला सुचलं नाही.

तो नंबर मला एकसष्ट वर्षं पाठ आहे. कसा ते सांगतो.

बाप जाऊन बारा वर्षं झाली तेव्हा, १९५० साली, काकाने भटजींना बोलावलं. बारा वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही त्याचं पळसाच्या पानांचं प्रेत करायचं आणि त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत आहे. अग्नी मी दिला. आईने बांगड्या फोडल्या. काकाने लगोलग फेरफाराला नोंद घातली, लाडोबा मयत, वारस मुलगा मनोहर. पुढे मी शिकलो, तालुक्याच्या कचेरीत कारकून झालो, आणि १९६४ साली माझ्याच टेबलावर अमेरिकेहून पत्र आलं, माथ्यावर तो केस नंबर. लाडोबा कुबल नावाच्या इसमाने येथे नागरिकत्वासाठी अर्ज केला आहे. पत्नी सत्यभामा, हयात. अपत्य जन्मले किंवा नाही, माहिती नाही. कृपया खातरजमा करून कळवावे.

तीन दिवस ते पत्र खणात ठेवलं. चौथ्या दिवशी उत्तर टाइप केलं. दप्तरी नोंदीप्रमाणे सदर इसम सन १९५० मध्ये मयत, फेरफार क्रमांक ३१२. खाली सही, एम. एल. कुबल, मामलेदारांकरिता.

का लिहिलं? आई चौदा वर्षं विधवा म्हणून जगत होती. माझं लग्न ठरलं होतं. आणि पानांच्या प्रेतात जळून गेलेला माणूस परत आलाच तर त्याचं पुन्हा बारसं करावं लागतं, त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावावं लागतं, असं भटजी सांगायचे. गावाला तमाशाच झाला असता. ही झाली कारणं. खरं म्हणजे मला राग आला होता. जिवंत होता, आणि आला नाही.

पत्रात खोटं एक अक्षर नव्हतं, रेकॉर्डात होतं तेच लिहिलं. हे वाक्य मी स्वतःला इतक्यांदा ऐकवलंय की त्याची चव गेली. आईला कधी सांगितलं नाही, बायकोला नाही, मुलाला नाही. दोघी गेल्या. आता मला एकच गोष्ट कळायला हवी: ते पत्र बापाच्या हाती पडलं का, आणि ते त्याच्या पोटच्या पोराने लिहिलंय हे त्याला कळलं का. ते कळल्याशिवाय मला मरायचं नाही. आणि पान अठ्ठ्याऐंशी म्हणजे ते पत्र. आमच्या कचेरीचा गोल शिक्का, खाली माझी सही, तेव्हाची, ऐटबाज. मी पान उपडं करतो. डोळे मिटतात.

पंख्याचा आवाज लांब जातो. स्वयंपाकघरात कुठलंसं भांडं पडतं, आणि मी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये उभा आहे. लाल कापडात बांधलेली दप्तरं छतापर्यंत रचली आहेत. वाळवीच्या औषधाचा वास येतोय. निवृत्त होऊन एकोणतीस वर्षं झाली तरी किल्ल्या माझ्याच कमरेला. स्टुलावर एक माणूस बसलाय, अंगात जाड लोकरी कोट, आपल्याकडे कुणी घालत नाही असा, आणि पाय अनवाणी. चेहरा फाइलमधल्या फोटोतला आहे, बावन्न वर्षांचा. म्हणजे माझ्याहून पस्तीस वर्षांनी लहान. त्याला अहो म्हणावं की अरे, तेच कळत नाही.

"काय व्हया तुमका?" मी सवयीने विचारतो.

"एक मरणाची नोंद बघूक व्हयी," तो म्हणतो.

"कोणाची?"

"माझीच."

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकतोय. जड आहे, घशात कोळशाची पूड बसल्यासारखा. मला सांगायचं असतं की मी तुमचा मुलगा. तोंडातून निघतं ते वेगळंच.

"अर्ज घेवन इलात?"

तो हसतो. "जल्मभर अर्जच करीत होतंय."

मी फेरफाराचं रजिस्टर काढतो. त्याला जागा दाखवावी लागत नाही, तो बरोबर तीनशे बारावर बोट ठेवतो आणि एकेक अक्षराखालून ते सरकवत वाचतो.

"हंय मारल्यानी काय माका? नोंद कोणी घातल्यान?"

"काकान."

"सदाशिवान? बरा केल्यान. जमीन तुझ्या नावार झाली मां?"

"झाली."

तुझ्या नावार, म्हणाला. मी कोण ते मी त्याला सांगितलेलं नाही. विचारावं म्हणून मान वर करतो तर तो उठून दप्तरांच्या मधल्या वाटेने चालू लागलाय. मी किल्ल्या सावरत मागे जातो. वाट अरुंद होत जाते, पायांखाली लोखंडी पायऱ्या लागतात, भिंती हाताला गरम लागतात. खाली बॉयलरचं तोंड उघडं आहे. त्याने कोट काढून ठेवलाय आणि एकेक लाल दप्तर उचलून आगीत टाकतोय.

"अहो, रेकॉर्ड हा ता!" मी ओरडतो. सदतीस वर्षांची नोकरी बोलते, मी नाही.

"कागदच मां? कोळसो संपलो." तो कपाळाचा घाम मनगटाने पुसतो. "हंयसरच सारंगान, आमच्या मुकादमान, माका फावड्यान मारल्यान. बाल्टिमोराक जहाज लागला तसो उतरलंय, तो परत चढूक नाय."

"मगे घराक येऊक काय झाला?" माझा आवाज चढतो. हा प्रश्न मी लहानपणापासून बाळगून आहे. "एक पत्र नाय, सांगावो नाय."

"लिवूक येय नाय होता. दोनदा दुसऱ्याकडसून लिवून घेतलंय. एक जहाजाबरोबर बुडाला. लढाय चालू होती मां. दुसऱ्याचा काय झाला, माका म्हायत नाय." तो आणखी एक दप्तर टाकतो. "आणि येऊ कसो? जहाज सोडून पळालेलो खलाशी मी. ह्या देशाचो नाय, त्या देशाचो नाय. इतक्या वर्सांनी एक जण म्हणालो, लाडो, हयचो नागरिक हो. नागरिक झालंस की पासपोर्ट गावता, आणि पासपोर्ट गावलो की कोणाच्या बापाशीक भियाचा नाय, सरळ घराक जावचा."

"म्हणजे तो अर्ज..."

"घराक येऊकच केललंय. नायतर तेंच्या देशाचा माका काय करूचा होता?"

हे मला कधी सुचलंच नव्हतं. सव्वीस वर्षांचा होतो मी. मला वाटलं, हा तिकडचा व्हायला निघालाय, आमच्यावर कायमचं पाणी सोडून. माझा सगळा राग त्या एका समजुतीवर उभा होता आणि ती समजूत चुकीची होती. मी बसायला जागा शोधतो, बसतो, आणि हाताला वाळू लागते.

खाडीचा काठ आहे. ओहोटी लागलीय. भटजी पळसाची पानं मोजून मांडतायत, हातांची इतकी, पायांची इतकी, छातीची इतकी, आणि डोक्याच्या जागी नारळ. काका सदाशिव बाजूला उभा आहे, घाईत. माझ्या हातात पेटती चूड आहे आणि माझं डोकं नुकतंच भादरलेलं, वारा लागतोय. बाप त्या पानांच्या माणसाजवळ उकिडवा बसतो आणि भटजींच्या मागोमाग मोजायला लागतो.

"किती लागतत?" तो मला विचारतो.

"तीनशे साठ."

"तीनशे एकोणसाठच हत." तो पुन्हा मोजतो, मान हलवतो. "एक पान कमी घातल्यान भटान. म्हणान मी मरूक नाय."

मला हसू येतं. बापाच्या प्रेताशी बसून मी आणि बाप हसतोय, आणि माझ्या आयुष्यात आम्ही दोघांनी मिळून केलेली ही पहिली गोष्ट आहे. मग तो मान वळवतो आणि त्याचं हसू मावळतं.

"ही कोण?"

"आये."

"इतकी म्हातारी कशी झाली?"

आई एकतीस वर्षांची आहे. दगडासमोर बसलीय, दोन्ही हात पुढे धरून. तो वाळूतून गुडघ्यांवर तिच्यापाशी सरकतो आणि तिची मनगटं धरतो. "थांब गो. सत्यभामे, थांब. मी हंयच आसंय." तिला ऐकू जात नाही. ती त्याच्यातून पलीकडे बघतेय, पानांकडे. शेजारची बाई तिचा हात दगडावर आपटते, एकदा, दोनदा, आणि हिरवा चुडा वाळूत पडतो. बाप त्या काचा वेचायला लागतो. मी चूड मागे लपवायला बघतो, पण काका माझा हात धरून पुढे आणतो, आणि पानं पेटतात.

"दर वर्साक माझा श्राद्ध घातलंस?" तो काचा वेचता वेचता विचारतो. माझ्याकडे बघत नाही.

"घातलंय."

"चौसष्टानंतर सुदीक?"

"घातलंय."

"कावळो शिवत होतो?"

"शिवत होतो. पान ठेवलंय की लगेच."

"बघ मेल्या," तो म्हणतो, "मी थंय बॉयलरार अर्धपोटी, आणि हंय माझ्या नावान कावळो जेवता."

चेष्टेने म्हणतो, पण मला ती झोंबते. दरवर्षी कावळा शिवला की आई हात जोडायची. "बघ मनू, तृप्त झाले," म्हणायची, आणि मगच घास घ्यायची. मी तिच्यासमोर पाटावर बसून जेवायचो. बाप जिवंत आहे हे ठाऊक असून खीर-वडे जेवायचो. पाच वर्षं तरी असा जेवलो, आणि मला एकदाही उलटी झाली नाही.

वाळू टणक होते. फरशी आहे. पांढऱ्या भिंतींची खोली, मोठं टेबल, टेबलापलीकडे एक गोरा साहेब. मी कोपऱ्यातल्या टाइपरायटरपुढे बसलोय, कागद चढवलेला आहे, माझ्याच कचेरीतलं यंत्र. बाप पुन्हा कोटात आहे, टेबलासमोर उभा, हात पाठीमागे. एका मुठीत काचा आहेत. साहेब अमेरिकन असून आमच्या मामलेदारांसारखंच बोलतो.

"सदर पत्र आपण वाचले काय?"

"वाचलंय," बाप म्हणतो. मग मान माझ्याकडे वळवून, हळू आवाजात: "नागरिक होऊक इंग्रजी वाचूक येऊक व्हया. पन्नाशीत शाळेत गेलंय. पाळी संपली की कोळशाचे हात धुवन बाकार बसा होतंय, पोरांच्या पुस्तकार. घराकडसून इलेला, माझ्या डोळ्यांनी वाचलेला पयला पत्र ह्याच."

मी यंत्रावरून हात काढून घेतो.

"पत्रात आपण मयत असल्याचे नमूद आहे," साहेब म्हणतो. "हे खोटे असल्यास तसे सांगावे. आम्ही चौकशी लावू."

"चौकशी कोणार लागतली?"

"सही करणाऱ्या इसमावर."

बाप टेबलावरचा कागद उचलतो. तेच पान, अठ्ठ्याऐंशी. खिडकीजवळ नेऊन उजेडात धरतो आणि सहीखाली बोट ठेवतो. नव्याने शिकलेला माणूस वाचतो तसा सुटा सुटा वाचतो. "एम. एल. कुबल." पुन्हा वाचतो. "वेळकोंडात कुबलांची घरां तीन. शिकान कचेरीत बसण्याइतको तेव्हा तेंच्यात कोण नाय होतो. मगे ह्यो कोण?" बोट मधल्या अक्षरावर येतं आणि थांबतं. "आपल्यात मधला नाव बापाशीचा. एल म्हणजे मी."

मला खाली बघायचं असतं, जमत नाही.

"झील झालो माका," तो म्हणतो. मुलगा झाला म्हणून साहेबाला सांगतो, भिंतीला सांगतो. "सव्वीस वर्सां माका म्हायत नाय, पोर जगला का मेला, चेडू का झील. कोणी सांगूक नाय. तेच्याच पत्रान सांगल्यान. झील झालो, शिकलो, सायेब झालो. सायबाच्या वतीन सही करता!"

"बाबा," मी म्हणतो. हा शब्द मी कुणालाच उद्देशून कधी उच्चारला नव्हता. माझा मुलगा मला म्हणायचा तेव्हासुद्धा तो परक्याचा वाटायचा. "बाबा, सांगा तेका. पत्र खोटा हा म्हणान सांगा. माझी नोकरी जाऊंदे. जेलात घालूंदे."

"नोकरी काय वाटेर पडली हा?" तो दटावतो. "लगीन झाला तुझा?"

"ठरला होता."

"मगे?"

तो टेबलाकडे परत येतो, कागद साहेबासमोर सरळ करून ठेवतो. "पत्र बरोबर हा, सायेब. तो माणूस मेलो."

"मग आपण कोण?"

तो कोटाची बटणं लावायला लागतो, खालपासून वर. साहेब माझ्याकडे बघतो, टाइप करा म्हणून. मी कळ दाबतो, ती उठत नाही. सगळ्या कळा खाली बसल्यात. मी रडतोय, नाक गळतंय, आणि दोन्ही हातांनी यंत्रावर बुक्के मारतोय.

तो माझ्या शेजारी येऊन उभा राहतो. कोटाला धुराचा आणि साबणाचा वास आहे.

"माफ केलात माका?" मी विचारतो.

"माझा काय घेवन बसलंस?" तो म्हणतो. "माझा झाला ता झाला. पण घोव जितो आसताना पाच वर्सां तू तिका रांडमुंड ठेवलंस. ता माझ्या हातात नाय, झिला. ता तिका इचार."

"ती गेली. एक्क्याऐंशीत."

"म्हायत हा."

"मगे कसा इचारू?"

तो मूठ उघडून काचा माझ्या यंत्राशेजारी ठेवतो, सांभाळून, एकेक. मग कोटाच्या आतल्या खिशातून घडी केलेला एक कागद काढतो.

"ह्यो आवक करून घे."

"काय हा?"

"जागो झालंस की बघ. माका जाऊक व्हया. बॉयलर थंड पडतलो."

मी आवकचा शिक्का शोधतो. शिक्का सापडतो तर तारखेची चक्रं फिरत नाहीत, १९६४ वर अडकलीत. मी नखांनी फिरवतो. "जरा थांबा," मी म्हणतो, "पोच देतंय, पोच घेवन जावा." मान वर करतो तेव्हा दार उघडं आहे आणि खोलीत कुणी नाही. कागद मी सदऱ्याच्या खिशात घालतो, हरवू नये म्हणून, आणि वरून हात दाबून धरतो.

पंखा. वर पंखा फिरतोय. दुधाचा वास येतोय, सून चहा टाकतेय. पानं पलंगाखाली सगळीकडे पसरली आहेत. उशीचा अभ्रा कानाशी ओला आहे, आणि माझा उजवा हात छातीवर, खिशावर, घट्ट. बोटं उघडायला डाव्या हाताची मदत घ्यावी लागते.

"बाबा, घोरत होतात की रडत होतात?" सून दारातून विचारते. "दोनदा हाक मारली."

खिशात काहीतरी टोचतं. चार घड्या घातलेला कागद. मी उलगडतो. फाइलमधलंच पान आहे, कोपऱ्यात नंबर एकशे सदतीस.

"हे तू ठेवलंस माझ्या खिशात?"

"मी कशाला हात लावीन तुमच्या फायलीला?"

मी अठ्ठ्याऐंशीच्या पुढे गेलो नव्हतो. हे मी शपथेवर सांगतो, माझ्या शपथेची जी काही किंमत असेल ती असो. झोपेत हाताने काय केलं ते मला माहीत नाही.

इस्पितळात दाखल होताना भरायचा फॉर्म आहे, १९६९ सालचा. बाकी फाइल टाइप केलेली आहे, हे पान हाताने भरलंय. मोठी मोठी कॅपिटल अक्षरं, ओळीवर न बसणारी, पन्नाशीनंतर शिकलेल्या माणसाची. नाव, एल. कुबल. धंदा, बॉयलर. नागरिकत्व, नाही. मी चष्मा पुसतो आणि पुढचं वाचतो.

जवळचा नातेवाईक: मुलगा. त्याचं नाव: एम. एल. कुबल. त्याचा व्यवसाय: गव्हर्नमेंट ऑफिसर.

ऑफिसर! मी तेव्हा कारकून होतो, तोही खालून दुसरा. आणि माझं नाव त्याला कळायला जगात एकच वाट होती, माझी ती सही. अर्जात तर त्याने लिहिलं होतं, अपत्य जन्मले किंवा नाही, माहिती नाही. म्हणजे पत्र त्याने वाचलं. मीच लिहिलंय हे त्याला कळलं. मला जे हवं होतं ते मिळालं, आणि मला वाटत होतं मिळालं की हलकं वाटेल. तसं काही वाटत नाही.

सून चहा ठेवून जाते. त्यावर साय धरते. फॉर्मवर एकच रकाना उरलाय, नातेवाइकाचा पत्ता. माणूस गेला तर कुठे कळवायचं, त्यासाठीचा. पत्ता त्याला माहीत होता. माझ्या पत्राच्या माथ्यावर तो छापलेला होता, कचेरी, तालुका, जिल्हा, सगळं.

सदतीस वर्षं मी लोकांचे अर्ज तपासले. विसरलेला रकाना रिकामा असतो. ह्या रकान्यात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्याने पेनाने एक सरळ रेघ मारली आहे.